डाव्या बाजूची डबी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार

आजही वाजलं नाही!

नागपूरहून घरी आल्यापासून माझा हाच एक उद्योग — वाट पाहणं. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक डबी बसवलीय. काडेपेटीहून जरा मोठी, चपटी. तिची तार थेट हृदयात. हृदय वेडंवाकडं पळायला लागलं की डबी वाजणार, म्हणजे आतून झटका देणार आणि त्याला जाग्यावर आणणार. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, 'झटका बसला तर घाबरू नका, ताई. झटका बसला म्हणजे तुम्ही वाचलात.' वा! म्हणजे आनंदाची बातमी अशी येणार. करंट होऊन!

तिथल्याच दवाखान्यातल्या एका बाईंनी सांगितलं की मनात येईल ते लिहा, बोलवत नसेल तर लिहा. मला बोलवत नाही असं त्यांना कुठून वाटलं कोण जाणे. दिग्रसमध्ये पार्लर चालवते मी. अर्धा धंदा तोंडाचाच आहे.

पण खरंय. हे कोणाला बोलवत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

सप्टेंबरातलं एकदाचं लिहून टाकते.

विमलताईंच्या भुवया करत होते. धाग्याचं एक टोक दातात, बाकीचा बोटांत. डावी भुवई झाली, उजवीला हात घातला, आणि पुढचं मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर आणि फरहाना माझ्या तोंडावर गुलाबपाणी मारत होती. फरहाना म्हणजे पार्लरमधला माझा उजवा हात. पाणीच मारायचं तर साधं मारायचं ना बाई, गुलाबपाणी कायले! विमलताई एका भुवईनिशी माझ्यासोबत ऑटोत बसून दवाखान्यात आल्या. तिथली नर्स आधी त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिली.

मग यवतमाळ. मग नागपूर. म्हणे हृदयाच्या भिंती जाड झाल्यात. मी म्हटलं, डॉक्टर, मी सगळीच जाड झाले, त्याला एकट्याला काय दोष देता! डॉक्टर हसले नाहीत. तेव्हाच समजायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

याडीनं आज माझ्या छातीला कान लावला. याडी म्हणजे माझी सासू, रुपीबाई. आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो, इथं आपली शाळेतली मराठी. बराच वेळ कान लावून बसली. मग मान हलवून म्हणाली, कांयी कोनी. काहीच वाजत नाही! घड्याळ तरी टिकटिक करते, हे कसलं मशीन? तिला शंका की डॉक्टरनं डबी रिकामीच बसवली.

'आन् याचा सेल कवा बदलाचा? दर दिवाळीले?'

दुपारी भिया आला, सीताफळं घेऊन. भिया म्हणजे माझा मोठा भाऊ लखीराम. तांड्यावर शेती करतो. होळीला लेंगी गाण्यात आणि नाचण्यात तांड्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. बसल्या बसल्या सुरू झाला, 'आता तांड्यातली लाईन गेली की ममताले बलवाचं बाप्पा! इन्व्हर्टर हाय ते. दोन पंखे आन् एक मिक्सर सहज ओढते.'

सगळे हसले. मीही हसले. हसता हसता छातीत काही हललं की काय असं वाटलं आणि मधेच थांबले. भियाला ते दिसलं असावं. लगेच रानडुकरांनी तुरीत किती धुडगूस घातला ते सांगायला लागला.

१७ नोव्हेंबर, रविवार

इंद्रजीत पलंगाच्या पार काठावर झोपतो. कूस बदलली तर सरळ खाली जाईल. सकाळी विचारलं, 'काहून? मले काय काटे फुटले?'

'तसं नाई वो. तुले धक्का नको लागाले.'

दिग्रस-दारव्हा काळी-पिवळी जीप चालवतो हा माणूस. टपावरसुद्धा माणसं बसवतो. तिथं कोणाला धक्का लागायची फिकीर नाही!

खरं काय ते मला माहीत आहे. त्याला डबीची भीती वाटते. मलाही वाटते, मग त्याला काय बोलू.

बापू, माझे वडील, करंटनं गेले. माझं लग्न ठरलं होतं त्या वर्षी. सांजेला विहिरीवर मोटार सुरू करायला गेले आणि स्टार्टरपाशी पडलेले सापडले. तेव्हापासून घरातलं बटनही मी चप्पल घालून दाबते. पार्लरमधलं ड्रायर फरहाना लावून देते, मी नुसतं धरते. आणि आता करंट माझ्याच अंगात घर करून बसलाय. भाडं न देता.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

न्हाणीची कडी लावत नाही. आत पडले तर? दाराला आतून बादली टेकवते. आज याडीनं दार ढकललं — बादली माझ्या पायावर!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

कालपासून अर्धा दिवस पार्लरला जाते. डावा हात खांद्याच्या वर न्यायला अजून मनाई आहे. माझी वेणी सलोनी घालते. मुलगी बारावीत आहे, वर्गात फिजिक्समध्ये पहिली आली, पण वेणी वाकडी ती वाकडीच.

आज विमलताई आल्या. मी खुर्ची झटकली, म्हटलं, या, राहिलेली भुवई करू! त्या हसल्या. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, 'आज फरहानाकडूनच करून घेते गं. तू कायले त्रास घेते.'

त्यांच्यानंतर एक नवरी आली फेशियलला, तीही फरहानाकडे. मग शेजारच्या साडीच्या दुकानातली बाई, तीही. मी काउंटरवर बसून नेलपॉलिशच्या बाटल्या रंगांप्रमाणे लावल्या. मग उलट्या लावल्या.

संध्याकाळी फरहानाला धरलं, 'काय चाललंय?' ती सांगायला तयार नाही. शेवटी म्हणाली, 'दीदी, गावात बोलून राह्यले. ममताचा हात लागला तर करंट बसते.'

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला खुर्ची धरावी लागली. शटर ओढल्यावर मात्र मी फरहानाच्या हातात किल्ली दिली ती दोन बोटांनी, लांबून. तिचा हात लागू नये म्हणून. माझं मलाच नंतर समजलं.

३ डिसेंबर, मंगळवार

वाजलं!!

उद्या लिहीन.

४ डिसेंबर, बुधवार

काय लिहू! लाज वाटते.

काल दुपारी जेवून आडवी झाले. डोळा लागतो न लागतो तोच — धाड! छातीत असा दणका बसला की मी उठून उभीच. ओरडले. याडी धावत आली, तिनं तिच्या देवीचं नाव घेत माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. सलोनीनं बापाला फोन लावला. इंद्रजीत स्टँडवर जीप भरून निघायच्या बेतात होता. जीप तशीच घेऊन दारात आला — आत दारव्ह्याचे सात-आठ प्रवासी! उतरा म्हणायला वेळ कुठे. आणि उतरायला कोणी तयारही नव्हतं.

ओल्या केसांनी मी पुढच्या सीटवर. मागून सल्ले. एक आजोबा म्हणे, कांद्याचा रस हुंगवा. एक बाई म्हणे, डाव्या पायाचा अंगठा दाबून धरा. तिनं मागून वाकून माझा पाय शोधायला सुरुवात केली! कोणीतरी विचारलं, 'हिले हात लावला तं आपल्याले बसन का?' इंद्रजीतनं आरशात बघून असं काही विचारलं त्याच्याकडे — शब्द लिहीत नाही — की दारव्ह्यापर्यंत जीपमध्ये कोणी बोललं नाही. दारव्ह्याला उतरताना त्या बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग आम्ही पुढे निघालो. लोहारा गेलं, यवतमाळ आलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीवर वरूनच एक चकती ठेवली. बाजूच्या मशीनवर डबीतलं सगळं दिसतं, कधी काय झालं ते. मी डोळे मिटून पडले होते. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, 'ममताताई, डबीनं काहीच केलेलं नाही.'

'म्हणजे?'

'झटका दिलेलाच नाही. ठोकेही सरळ आहेत.'

'मग मले जे झालं ते?'

'ते तुम्हाला झालं. डबीला नाही.'

असं होतं म्हणे. झोप लागता लागता भास होतो. खूप जणांना होतो, भित्र्यांनाच असं नाही. वाट बघून बघून अंगच झटका तयार करतं. डॉक्टरीणबाई अजिबात हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मीच हसले असते. तसं काही झालं नाही, त्यामुळे मी रडले. इंद्रजीत बाहेर पाणी आणायला म्हणून गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

मग त्यांनी बापूंचं विचारलं. घरात कोणी अचानक गेलंय का?

मी म्हटलं, बापू गेले, पण ते करंटनं.

'अंगावर कुठे भाजल्याची खूण होती?'

मी विचार केला. आंघोळ घालताना बायका म्हणत होत्या, कसा झोपल्यासारखा दिसतो. नव्हती खूण.

त्या हळू बोलायला लागल्या. हा आजार घराण्यातून येतो. खात्रीनं सांगता येत नाही, पण बापूंचंही हृदयच असू शकतं. सलोनीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करा. तुमच्या भावाचा तर लगेच करा.

येताना दिग्रस जवळ आल्यावर इंद्रजीत म्हणाला, 'त्या आठ जणाईचं भाडं घ्याचं राहून गेलं पाह्य.' आणि मग आम्ही हसायला लागलो, आणि मला थांबताच येईना.

१० डिसेंबर, मंगळवार

गावभर झालंच आहे. 'ममताचं वाजलं' असंही झालं आणि 'ममताचं खोटंच वाजलं' असंही. दुसऱ्या बातमीला जास्त मागणी.

डॉक्टरीणबाईंनी औषधापेक्षा अवघड काम दिलंय. जे जे टाळता, त्यातलं एकेक रोज करायचं. भीती वाटू द्यायची आणि करायचं. मी म्हटलं, भीती वाटू द्यायला सांगावं लागत नाही, ती बोलावल्याशिवायच येते.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज न्हाणीची कडी लावली.

बाहेर याडी पाटावर बसली होती, पहाऱ्याला. दर मिनिटाला हाक — 'हायस का?' 'हाय!' 'हायस का?' 'हाय!!' अंगाला साबण लावायची सोय नाही. शेवटी मी गाणंच म्हणायला लागले, म्हणजे तिला समजत राहील. तर बाहेरून तिनं सूर धरला. शेजारच्यांनी विचारलं, आज काय आहे तुमच्याकडे?

१९ डिसेंबर, गुरुवार

विमलताई परत आल्या, फरहानाकडे वळल्या. मी म्हटलं, नाही. बसा इथं. माझ्याकडे तुमची एक भुवई उधार आहे.

बसल्या बिचाऱ्या. खुर्चीचे दांडे घट्ट धरून, दात काढायला आल्यासारख्या. मी धागा दातात धरला. माझा हात त्यांच्या कपाळाला लागला, तेव्हा त्या दचकल्या आणि त्या दचकल्या म्हणून मीही. दोघी तशाच थांबलो.

'बसला का करंट?' मी विचारलं.

'नाई बा.'

'मले बी नाई बसला.'

मग भुवई केली. चांगली कोरून केली. जाताना आरशात बघून म्हणाल्या, 'फरहाना जरा जाडच ठेवते.' फरहानानं हे ऐकलं. आता ती दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही.

घरी आल्यावर इंद्रजीतला म्हटलं, मधे सरक. त्याला आधी समजलं नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

झोप लागली. सरळ सकाळ.

२८ डिसेंबर, शनिवार

सलोनीचा इको.

डबीची भीती ही तर लुटुपुटूची होती, खरी भीती काय असते ते आज बाकावर बसून समजलं. आतून सलोनीच्या बोलण्याचा आवाज येत होता. तपासणाऱ्या मुलीला ती विचारत होती, लाटा किती वेगानं जातात, परत कशा येतात. आतली मुलगी म्हणाली, 'जरा श्वास धर आणि गप्प बस.'

हृदय चांगलं आहे. भिंती जशा हव्यात तशा. काही वर्षांनी परत बघायचं, पण आज काही नाही.

मी इतकी रडले की सलोनी म्हणाली, 'आई, रिपोर्ट नीट वाच, चांगला आहे. तू तर माझा बारावीचाच निकाल लागल्यासारखी रडून राह्यली.'

बाहेर तिला दोन कचोऱ्या खाऊ घातल्या. मी एक खाल्ली. बरं, दोन.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवांनी पार्लर भरून वाहतंय. दिवसभर उभी होते. डबी आहे हे दुपारी जेवताना आठवलं. ब्लाउजची पट्टी तिच्यावर घासते म्हणून!

भिया तिळगूळ घेऊन आला. हे तिसऱ्यांदा सांगितलं त्याला, इको कर. तो म्हणे, 'मले काय धाड भरली? पोत्यावर पोतं उचलतो मी.'

'बापूही उचलाचे.'

'बापू करंटनं गेले.'

असं म्हणून तो इतक्या लवकर उठला की चहासुद्धा अर्धा राहिला. भिया कधी चहा सोडत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

संगीता वहिनीचा फोन. भियाची बायको. हळू आवाजात बोलत होती, तो अंगणात होता म्हणून. तिनं आधी माझ्याकडून शपथ घेतली, मग सांगितलं. दिवाळीच्या आधी तो कापसाच्या शेतात पडला होता. डोळे पांढरे. थोड्या वेळानं उठला आणि म्हणाला, ऊन लागलं. पोळ्याच्या सुमारासही एकदा झालं होतं. 'कोणाले सांगू नको म्हणे, ममताले तं मुळीच नाई.'

आणि इथं येऊन मला इन्व्हर्टर म्हणत होता!

होळी मार्चच्या मध्यात. दोन-तीन रात्री हा माणूस डफावर नाचणार, सगळ्यांच्या पुढे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी माझी भीतीच कामाला आली.

भियाला फोन केला. आवाज बारीक केला, तो करायला मला काही कष्ट पडत नाहीत. म्हटलं, उद्या यवतमाळला तपासणी आहे, इंद्रजीतची फेरी आहे, एकटीनं जायची हिंमत होत नाही. बसमध्ये काही झालं तर?

'येतो ना बाप्पा! रडू नको.'

मी रडत नव्हते. हसू दाबत होते. तो फोन ठेवल्यावर मात्र कसंतरी वाटलं. एका शब्दावर येतो माझ्यासाठी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एसटीनं गेलो. भियानं मला खिडकी दिली आणि दारव्ह्यापर्यंत अख्ख्या बसला ऐकू जाईल असं सांगत राहिला, 'सरकून बसा बाप्पा, बहिणीच्या छातीत मशीन हाय.' लोक एवढे सरकले की आम्हा दोघांना तीन सीटा मिळाल्या.

माझी तपासणी झाली. सगळं ठीक. मग डॉक्टरीणबाई — त्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं — भियाला म्हणाल्या, 'आलाच आहात तर तुमचंही बघून घेते. शर्ट काढा.'

भियानं माझ्याकडे असं पाहिलं! पण बाईमाणसासमोर नाही म्हणवेना त्याला. गेला आत. आतूनही विनोद चालू. 'मॅडम, आत पाह्य बरं, बैल तं नाई दिसून राह्यला?' मग विनोद थांबले.

त्याच्या भिंती माझ्यापेक्षा जाड आहेत.

अंगाला एक छोटं यंत्र लावून दिलं, दिवसभराचे ठोके मोजायला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आम्ही दोघं परत यवतमाळला. ठोक्यांचा रिपोर्ट आला. मधेच वेडेवाकडे पळतात, माझ्यासारखेच. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. डबी बसवायची, लवकर. तोवर धावपळ नाही, नाच मुळीच नाही.

भिया हो हो म्हणत राहिला. बाहेर आल्यावर रसवंतीवर बसलो. त्यानं दोन ग्लास सांगितले आणि एकालाही हात लावला नाही. मग ग्लासाकडे बघत म्हणाला,

'लाईन नव्हती, ममता.'

मला समजलं नाही.

'बापू गेले त्या सांजेले लाईनच नव्हती. दुपारपासून गेली होती, रातच्याले आली. मीच उचललं त्याईले. मले तवाच समजलं.'

'मग सगळ्यांना करंट म्हणून काहून सांगितलं?'

'लोकाईनं म्हटलं, मी नाई म्हटलं नाई. माणूस कशानं तरी गेला पाह्यजे ना. करंटनं गेला म्हटलं की आपल्याले सांभाळता येते. वायर नीट करता येते. नाई तं काय करतं?'

एवढी वर्षं मी चप्पल घालून बटन दाबत होते, आणि हा रोज सकाळी उठून, काही न सांभाळता येण्यासारखं घेऊन शेतात जात होता. त्याचा ग्लास मी त्याच्या हातात दिला. म्हटलं, पी.

प्यायला.

२ मार्च, रविवार

नाही म्हणतो! नागपूरची तारीख मिळाली होती, वहिनीनं पिशवीसुद्धा भरली होती. आता म्हणतो, नाही जायचं. होळीनंतर पाहू. होळीला तांडा माझ्या तोंडाकडे पाहतो. आणि डबी बसवून तुझ्यासारखं जगायचं? बादली लावून न्हायचं?

बादलीची गोष्ट त्याला कोणी सांगितली? याडी!!

फोनवर मी ओरडले. तो हसला. त्याचं ते भ्यालेलं हसणं आता मला ऐकू येतं. आधी कसं ऐकू आलं नाही?

६ मार्च, गुरुवार

इंद्रजीत समजावून आला. सलोनीनं व्हिडिओ पाठवले. विमलताईंनी स्वतः फोन केला, त्यांचा तर काही संबंध नाही! फरहाना म्हणे, 'दीदी, मी येते, त्याला खुर्चीत बांधून वॅक्स करते, मग कबूल होईल.'

तिकडे संध्याकाळचा सराव सुरू झालाय. वहिनी म्हणाली, डफ वाजला की ती घरात थांबूच शकत नाही. गर्दीत मागे उभी राहून त्याचे पाय बघत राहते.

रविवारी मी जाते. एकटी, बसनं. आणि यावेळी सोबतीला कोणी नको.

१० मार्च, सोमवार

काल वाजलं. खरं.

भियाच्या ओट्यावर, भांडता भांडता. मी उभी होते, तो खाटेवर बसून डफाचं चामडं शेकत होता. मी म्हणत होते, तुझ्या हट्टापायी वहिनीनं काय — आणि वाक्य तिथंच राहिलं. आतून कोणी तरी लाथेनं दार उघडलं. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं भियाच्या मांडीवर होतं आणि माझा हात त्याच्या दोन्ही हातांत. मी कोसळले तेव्हापासून धरला होता, वहिनी म्हणाली, वाजलं तेव्हाही सोडला नाही. त्याला काही झालं नाही. मलाही काही झालं नाही.

भिया रडत होता. बापू गेले तेव्हाही मी त्याला तसं पाहिलं नव्हतं.

मग खांद्याला नाक पुसून म्हणाला, 'माह्यं मशीन कधी बसवतेत?'